जीएपुरती दारू

"ताई, मणी ज्वारीएवढा झालाय. आज बुडवला तर बुडवला. दोन दिवसांनी बुडवून काही उपयोग नाही," यमुनाबाई म्हणाली आणि हातातला रिकामा मग माझ्यापुढं धरला.

यमुनाबाई भोये म्हणजे आमच्या बागेत येणाऱ्या टोळीची मुकादम. पेठकडच्या बाया त्या. दिवाळी झाली की आमच्या निफाडच्या द्राक्षबागांत उतरायच्या आणि होळीला परत डोंगरात जायच्या. त्या दिवशी सकाळी सगळ्या जणी बागेच्या तोंडाशी डोक्याला फडकी बांधून, हातात मग घेऊन उभ्या होत्या. ड्रम पाण्यानं भरलेले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आणि काम मात्र अडलं होतं.

ज्यांनी द्राक्षबाग फक्त रस्त्यावरून पाहिली आहे त्यांना सांगते. घडाला मणी धरले की प्रत्येक घड जीएच्या पाण्यात बुडवायचा असतो. ह्याला आम्ही डिपिंग म्हणतो. जीए म्हणजे एक पांढरी पावडर. चिमटीभरच लागते, पण तिनं मणी लांबतो, फुगतो, परदेशी पाठवायच्या लायकीचा होतो. मणी ज्वारीएवढा असताना एकदा बुडवायचा आणि हरभऱ्याएवढा झाला की पुन्हा एकदा. घाई केली तर घड वेडावाकडा होतो, उशीर केला तर मणी आहे तिथंच बसतो, मग त्याच्यापुढं नाक घासा.

ह्या पावडरीचं एक नाटक होतं. पाण्यात टाकली की विरघळायची नाही, नुसती तरंगायची. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि मग ते ड्रममध्ये ओतायचं. पिंपळगावचा दुकानदार दर वर्षी पुडीबरोबर त्याची छोटी बाटली द्यायचा. त्या वर्षी दिली नाही.

"वरूनच माल नाही म्हणतो," आमचे मालक म्हणाले. मालक म्हणजे माझे यजमान, दौलतराव ढोमसे. नुकतेच दुकानातून परत आले होते. पुडी त्यांच्या मुठीत होती.

"मग मेडिकलमधून स्पिरिट आणायचं."

"तेच म्हटलं मी. तर म्हणे ते घालू नका, त्यात भलतंच काही मिसळलेलं असतं, मणी भाजतात."

"मग काय करायचं म्हणतो तो?"

मालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"अहो, बोला ना!"

"साधी दारू चालते म्हणे," ते म्हणाले. "पांढरी."

टोळीतली कुजबूज एकदम थांबली. डोंगरातून आलेल्या बायांनासुद्धा आमच्या घरचं सगळं ठाऊक होतं, मग गावाला असेल ह्यात नवल काय!

सांगायलाच पाहिजे. आमच्या गावात शाळेच्या रस्त्याला बबनशेठचं दारूचं दुकान होतं. लग्न झाल्यापासून माझ्या संसाराची निम्मी वर्षं त्या दुकानाच्या बाकड्यावर गेली. मालकांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. प्यायले की हसायचे. बाग करपा रोगानं गेली तरी हसायचे, मी रडले तरी हसायचे. कधी कधी वाटायचं, मारलं असतं तर बरं, निदान भांडता तरी आलं असतं. सासरे वारले तेव्हा सगळा गाव स्मशानात थांबला आणि चौघांनी ह्यांना बाकड्यावरून उचलून आणलं. थोरला मुलगा म्हणून मडकं खांद्यावर द्यायचं, तर तो खांदा दोघांनी धरून ठेवावा लागला. त्या दिवशीही हसले. तेव्हा मी ठरवलं, आता पुरे.

मी बाया गोळा केल्या. सरकारचा नियम होता, गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी मत दिलं तर दुकान उठवता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असायची, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर उठणार. मी घरोघर फिरले. नव्वदीच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरमधून आणल्या. बाळंतिणी आणल्या. "एकदा आडवी करा गं बायांनो, मग आयुष्यभर झोपा सुखानं," म्हणत फिरले. आणि केली आम्ही बाटली आडवी! गुलाल उधळला, हलगी वाजली, मी नाचलेसुद्धा. तेव्हापासून पंचक्रोशीत माझं नावच पडलं, आडव्या बाटलीची इंदूबाई.

दुकान उठलं त्या दिवसापासून मालक प्यायले नव्हते. आठ महिने झाले होते. लोक म्हणायचे, इंदूबाईनं नवरा माणसात आणला. मी वर वर हसायचे, पण मनात धाकधूक असायची. कारण दुकान काही जगातून गेलं नव्हतं. बबनशेठनं ते उचलून हायवेच्या फाट्यावर नेलं होतं, आणि मी मालकांना फाट्याकडं एकट्यानं जाऊच दिलं नव्हतं. मोटारसायकलची किल्ली माझ्या कमरेला असायची. पिंपळगावला जायचं झालं तर शेजारच्या निवृत्तीभाऊंच्या मागं बसून जायचं. निवृत्तीभाऊ माळकरी माणूस, दारूचं नुसतं नाव काढलं तर गाडी धुऊन काढतील असे. तेव्हा ह्यांनी दारू सोडली होती, का दारूच ह्यांच्यापासून लांब गेली होती, हे मला कळायला मार्ग नव्हता. आणि खरं सांगते, ते कळून घ्यायची मला भीती वाटत होती.

"मी आणतो," मालक म्हणाले. "किल्ली दे. आत्ता गेलो आणि आलो."

"काही नको."

"मग कोण आणणार? निवृत्तीभाऊ?"

यमुनाबाई फिस्सकन हसली. "आमच्या पाड्यावर असतो ना ताई, तर मोहाची आणून दिली असती तांब्याभर. बाग नुसती डुलली असती!"

बाया हसल्या. मला हसू येईना. गावातल्या कुणाला सांगावं तर बोभाटा होणार, की ढोमशांच्या घरात परत बाटली आली. न आणावी तर वर्षभराचं पीक बारीक मण्यावर जाणार. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मी जाते."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण ते एवढंच म्हणाले, "पांढरी माग. व्होडका म्हण. रंगीत घेऊ नको, मण्यावर डाग पडतील. क्वार्टर बास."

त्यांना सगळं बरोबर माहीत होतं, त्याचाच मला राग आला.

मी काळीपिवळी जीपनं फाट्यावर उतरले. दुकानात एका बाजूला प्यायला बसायची बाकडी-टेबलं, दुसऱ्या बाजूला लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी, आणि तिच्यापुढं सकाळीसुद्धा सात-आठ माणसं. मला बघितल्यावर रांग अशी बाजूला सरकली की जणू पोलीस आले. एक जण तर हातातली बाटली शर्टाखाली घालून म्हणाला, "ताई, मोर्चा आहे का आज?"

"मोर्चा नाही. मला पाहिजे," मी म्हटलं.

आतून बबनशेठनं मान वाकवून पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा पाहिलं.

"वहिनी, आठ महिन्यांपूर्वी आडवी केलीत," तो सावकाश म्हणाला, "आणि आता उभी मागायला आलात?"

रांगेतली माणसं खो खो हसली. माझे कान तापले. वाटलं, जमीन फाटावी. पण ज्वारीएवढे मणी डोळ्यांपुढं होते.

"बागेला पाहिजे, शेठ. जीएसाठी. पांढरी द्या, क्वार्टर."

"असं म्हणा की! जीएपुरती." त्यानं कागदात गुंडाळून बाटली खिडकीतून सरकवली. "कालपासून चार बागाईतदार नेऊन गेले. तुमच्या त्या आडव्या बाटलीनं माझं गावातलं गिऱ्हाईक तोडलं, पण द्राक्षांनी भरून काढलं बघा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दौलतरावांना नमस्कार सांगा. बरेच दिवसांत भेट नाही."

तो तसा सभ्यपणेच बोलला. पण मला तो नमस्कार त्याच्या हसण्यापेक्षा जास्त लागला. परत येताना जीपमध्ये बाटली पदराखाली धरून बसले होते, आणि शेजारची बाई वासानं ओळखेल म्हणून जीव मुठीत धरला होता. बंद बाटलीला कसला आलाय वास! पण मला येत होता.

बागेत आल्यावर बाटली मालकांच्या हातात द्यायलाच लागली, कारण जीए कालवायचा हात त्यांचा. प्रमाण चुकलं तर घडांची वाट लागते. त्यांनी झाकण फिरवलं. तो वास पसरला. मी त्यांच्या हाताकडं, ओठाकडं, गळ्याकडं बघत होते. टोळीतल्या बायासुद्धा बघत होत्या. कुणी डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, पण कोण मिटणार? मालकांनी काचेच्या ग्लासात थोडी ओतली, पुडी सोडली आणि काडीनं ढवळत राहिले. पावडर विरघळून नितळ झाली. ग्लास ड्रममध्ये उपडा केला, बांबूनं ढवळलं आणि म्हणाले, "घ्या बायांनो, भरा मग."

बाया ओळीत शिरल्या. मग घडाखाली न्यायचा, घड अलगद बुडवायचा, बाहेर काढून हलकेच झटकायचा. थेंब राहिला तर तिथं डाग पडतो. काम सुरू झालं. बाटलीत अर्ध्याहून जास्त दारू उरली होती. मालकांनी ती झाकण लावून बांधावर ठेवली. "हरभऱ्याच्या वेळेला लागेल," म्हणाले.

मी गेले, बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या देखत बांधावर उपडी केली. शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

मालक बघत राहिले. मग ओळीत शिरले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दिवेलागणीला ओट्यावर चहाचा कप समोर घेऊन बसले होते. कपाला तोंड लावलं नव्हतं.

"सगळ्या बायांसमोर ओतलीस," ते म्हणाले. "मी काय पिणार होतो?"

"मला काय माहीत?"

"आठ महिने झाले, इंदू."

"दुकान उठलं म्हणून आठ महिने झाले!" माझ्या तोंडून गेलं. "दुकान इथं असतं तर आठ दिवस तरी झाले असते का?"

तोंडातून गेलेला शब्द माघारी येत नाही. मालकांचा चेहरा असा पडला की मीच कप उचलून आत गेले. थोड्या वेळानं ते मागनं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ह्या माणसाला रागावून मोठ्यानं बोलता येत नाही, अजूनही येत नाही.

"मलापण हेच कळत नाही," ते म्हणाले. "तू म्हणतेस ते. दुकान उठलं म्हणून, का मी सोडली म्हणून. मलापण बघायचंय. पुढच्या डिपिंगला मी जातो. एकटा."

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. मणी रोज बघायला जायचे. एरवी मणी फुगताना बघून काळीज सुपाएवढं व्हायचं. त्या वर्षी वाटायचं, बाबा रे, जरा दमानं. पण मणी काय कुणाचं ऐकतो? एका सकाळी धुकं उतरल्यावर यमुनाबाईनं घड उलटा करून दाखवला आणि म्हणाली, "हरभरा झाला, ताई." मी पिंपळगावच्या दुकानदाराकडं निरोपावर निरोप धाडले होते, बाटली आली का म्हणून. आली नव्हती.

ड्रम भरले. बाया उभ्या राहिल्या. मालकांनी कपडे बदलले, पांढरी टोपी घातली आणि माझ्यापुढं हात केला. मी कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटता सुटेना. शेवटी त्यांनीच सोडवली.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? शपथ घालावी असं शंभरदा ओठांवर आलं, पण शपथा आधीच्या वर्षांत इतक्या झाल्या होत्या की देव कंटाळले होते.

मोटारसायकलचा आवाज ओढ्यापलीकडं गेला आणि बंद झाला.

फाटा काही लांब नव्हता. जाऊन यायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. चहा उकळला. टोळीनं तो प्याला. पेले धुऊन झाले. बायांनी तंबाखू मळली, आपापसांत गाणी म्हणून झाली. ऊन बागेच्या मांडवावर आलं.

"ताई, रस्त्याकडं बघून मणी फुगत नाही," यमुनाबाई म्हणाली.

"मी कुठं बघतेय?"

"मग मान वाकडी झालीय का?" ती हसली. पण मग माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "टोळीबरोबर पाणी भरायला आलेला गडी धाडू का फाट्यावर? सायकलनं जाईल. बघून येईल नुसतं."

मला हो म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगते, हो हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. माणूस धाडला असता तर मालक बाकड्यावर सापडले असते तर सापडले असते, नसते तर रस्त्यात भेटले असते आणि त्यांना कळलं असतं की मी पाळत ठेवली. दोन्हीकडून मीच मेले असते.

"नको," मी म्हटलं. "येतील."

यमुनाबाई बांधावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. आयुष्यात मी इतकी नुसती कधी बसले नव्हते. मनात सासऱ्यांचं मडकं येत होतं, ते हसणं येत होतं. म्हटलं, आज हा माणूस हसत आला तर मी ह्या बागेत पुन्हा पाऊल टाकणार नाही. आमच्या एकुलत्या पोरीला घेऊन माहेरी जाईन. बाग राहू दे, मणी राहू दे, काय पाहिजे ते होऊ दे. हे सगळं मी मनात पक्कं करत आणलं होतं, तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

मालक उतरले. हसत नव्हते. चेहरा घामानं भिजलेला, एवढ्या थंडीत. खिशातून कागदात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. सील तसंच होतं. पण बाटलीचं सील काय सांगतं? तिथं बाकडं होतं, तिथं ग्लास होते, दुकानात दुसऱ्या बाटल्या होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे लाल नव्हते, पण ओले होते.

"चल, उशीर झाला," ते म्हणाले. "ड्रम कुठं आहेत?"

जीए कालवला. बाया ओळीत शिरल्या. मीही एक मग उचलला, मालकांनीही घेतला. आम्ही एकाच ओळीत समोरासमोर घड बुडवत होतो. ऊन डोक्यावर आलं तरी त्यांचा हात थांबला नाही. जेवायची सुटी झाली, बाया मांडवाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या. मालक माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. भाकरी पुढ्यात, पण घास उचलला नव्हता.

"उशीर का झाला, विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"विचारणार नव्हते."

"विचार."

"का झाला उशीर?"

"बाटली घेतली. खिशात घातली. निघालो होतो. बबनशेठ म्हणाला, दौलतराव, आलात तर बसा घडीभर, किती दिवसांनी आलात. मी बसलो." ते थांबले. "म्हटलं, बघू. आपण सोडलीय ना, मग बसायला काय हरकत? दोघं ओळखीचे होते. त्यांनी ग्लास भरला, माझ्यापुढं ठेवला. मी बघत बसलो. किती वेळ बसलो ते कळलं नाही."

मी हातातला घास खाली ठेवला.

"तुला वाटत असेल, मला तुझी आठवण आली आणि मी उठलो," मालक म्हणाले. "नाही आली, इंदू. पोरीची नाही आली, बागेची नाही आली. बापाचीसुद्धा नाही. तिथं काहीच आठवत नाही. समोर नुसता तो ग्लास दिसतो. हात टेबलावर आला होता माझा." त्यांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला. "तेवढ्यात बाहेरनं एक टेम्पोवाला ओरडला. अरे, मोटारसायकल कुणाची, रस्त्यात लावलीय, काढ ती. माझीच होती. ती काढायला बाहेर आलो. गाडीवर बसलो. मग परत आत गेलो नाही. ओढ्याजवळ थांबून ओकलो. पाणीच पडलं, पोटात काही नव्हतं."

मला राग आला. आधी रागच आला. एवढ्या वर्षांत एवढं सोसलं आणि ह्या माणसाला तिथं माझी आठवणसुद्धा येत नाही? कोण कुठला टेम्पोवाला ओरडला म्हणून माझा संसार वाचला? आणि मग रडू आलं, कारण तो माणूस खरं बोलत होता. प्यायलेल्या काळात त्यांनी माझ्या शपथा घेतल्या होत्या, डोक्यावर हात ठेवून घेतल्या होत्या, आणि त्यातली एकही खरी नव्हती. हे खरं होतं.

"मी तुमच्यावर विश्वास टाकला होता," मी म्हटलं. "माणूस धाडायचा होता मला. धाडला नाही."

"माहीत आहे. यमुनाबाईनं सांगितलं मघाशी." ते माझ्याकडं वळले. "टाकू नको. विश्वास टाकून मला एकट्याला पाठवू नको. त्याचा तिथं काही उपयोग नाही. तू बरोबर ये."

"म्हणजे पाळत ठेवू?"

"पाळत नाही. पाळत लांबून ठेवतात. तू शेजारी उभी राहा. काही बोलू नको, काही करू नको, नुसती उभी राहा."

मांडवाच्या पलीकडं यमुनाबाईनं मुद्दाम मोठ्यानं खाकरून बायांना उठवलं आणि दुसऱ्या ओळीत नेलं. मी डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "येईन. आधी जेवा."

माल त्या वर्षी छान आला. टपोरा मणी, एकसारखा, परदेशी पाठवणाऱ्यानं मापाची पट्टी लावून लावून बघितला आणि काही खोट काढता आली नाही.

पुढच्या वर्षीही दुकानदाराची बाटली आली नाही, तेव्हा डिपिंगला आम्ही दोघं गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. रांगेत मी आणि हे, शेजारी शेजारी. सत्यनारायणाला नवरा-बायको बसतात तसे आम्ही दारूच्या दुकानापुढं जोडीनं उभे. पहिल्या खेपेला आमच्या मतदानातल्या दोघी जणी एसटीतून जाताना दिसल्या. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गावात काय काय झालं ते विचारू नका. आडव्या बाटलीची इंदूबाई आता स्वतःच नवऱ्याला दुकानात घेऊन जाते! मी कुणाला उत्तर दिलं नाही. बबनशेठनंही पुन्हा बसा म्हटलं नाही. मला बघून गप्प बाटली सरकवायचा.

आता पाण्यात विरघळणारा जीए मिळतो. दारू लागत नाही. त्या दुकानात आमचं काही काम उरलेलं नाही, आणि मालकांनी त्यानंतर आजपर्यंत थेंब घेतलेला नाही. पण बँकेचं काम असो, खताची गाडी असो, तालुक्याला जायचं असो, फाटा रस्त्यात येतोच. मालक मोटारसायकल अंगणात काढतात, चालू करतात आणि घराकडं तोंड करून हाक मारतात, "इंदू, येतेस का?"

मी हातातलं काम तसंच टाकते आणि चपला पायात सरकवते.